ताण आणि बहार : माहेरच्या बोगनवेलीच्या नोंदी

१३ जून २०२१, रविवार

माहेरी फाटकाकडची जुनी भिंत उद्या पाडणार. गिरणाकाठी, भडगाव तालुक्यात आमचं गाव. त्या भिंतीला लागून नानांनी (माझ्या वडिलांनी) लावलेली राणी रंगाची बोगनवेल आहे. मी दहावीला होते त्या पावसाळ्यात त्यांनी ती लावली. दादाचा सकाळीच फोन आला, "न्यायची असेल तर आजच काढ, उद्या मशीन येणार."

अकरा वाजता पोचले. आधी सगळ्या फांद्या करवतीने उतरवल्या, मग बुंध्याभोवती दीड फुटावरून चर खणला. एका बाजूची मुळं भिंतीच्या पायात शिरलेली, ती तिथेच तोडावी लागली. बुडाचा घेर सुतळीने मोजला तर ४१ सेंमी. हिचं बोन्साय करायचं, म्हणून उंची ३५ सेंमी ठेवून वरचं कापलं. बोगनवेलीचं मूळ तटकन तुटतं, चिंचेसारखं लवचीक नसतं, हे ऐकून होते. आज हाताला कळलं. मातीचा गोळा टिकवण्याचा प्रयत्न केला, पण काळी माती कोरडी होती, निम्मी गळून पडली. उरलं ते ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून अमळनेरला आणलं.

नाना जाऊन चार वर्षं झाली. त्यांची लिंबाची बाग दादाने मोडली त्यालाही तीन वर्षं झाली. त्यांच्या हातचं जिवंत आता एवढंच.

१४ जून २०२१

केळी वाहायच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये लावली. आतून शेडनेटचा तुकडा अंथरला. मिश्रण असं : दोन घमेली नदीची जाड वाळू चाळून, दोन घमेली विटांचा चुरा (हरभऱ्याएवढा, त्याची पावडर धुऊन काढली), एक घमेलं दोन वर्षं कुजलेलं शेणखत. वर मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात घातली नाही. आपली माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. शेतात ते चालतं, पण क्रेटमध्ये तोडलेल्या मुळांना त्या फुगण्या-आकसण्याचा मार बसतो आणि पाणीही तुंबतं.

क्रेट गच्चीवर, जिन्याच्या सावलीत ठेवला आहे. खोडाला ओलं फडकं गुंडाळलं आहे.

८ जुलै २०२१

चोविसाव्या दिवशी सालीतून लालसर ठिपके वर आले. सकाळी फडकं सोडताना एकावर बोट लागलं तेव्हा कळलं की कोंब आहे. मोजले, सात.

एवढ्यावर आनंद करायचा नाही हे मला माहीत आहे. खोडात साठवलेल्या अन्नावर कोंब फुटतात, मुळं तोवर आलेलीच असतील असं नाही. तोडलेल्या फांदीलाही असे कोंब येतात आणि पंधरा दिवसांत मान टाकतात. म्हणून क्रेट हलवायचा नाही आणि खोड धरून "घट्ट झालं का" हे पाहायचं नाही.

६ सप्टेंबर २०२१, पोळा

कोंब चौदा झाले, सगळ्यात लांब दीड फूट. मुळं धरली आहेत, कारण क्रेटच्या खालच्या भोकांतून पांढरी टोकं दिसतात.

पण वरच्या कापावर पाणी साचून लाकूड मऊ पडलंय. नख सहज आत गेलं. बोगनवेलीचं लाकूड स्पंजासारखं असतं, कुजायला लागलं की आत पोकळी करत जातं. बोन्सायच्या जुनिपर झाडावर मेलेलं लाकूड वर्षानुवर्षं पांढरं-कडक राहतं, तसं इथे होत नाही. कुजका भाग चाकूने कोरून काढला. पाणी निथळेल असा तिरका काप घेतला आणि बोर्डो पेस्ट लावली : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी बादली वापरायची नाही. पावसाळ्याच्या तोंडाला नाना लिंबाच्या बुंध्यांना हीच पेस्ट लावायचे, कमरेपर्यंत निळे-पांढरे बुंधे रांगेत उभे असायचे. गोठ्यात बैलांच्या शिंगांना रंग आणि बागेत झाडांना पेस्ट, असंच माझ्या डोळ्यांत बसलंय.

२० फेब्रुवारी २०२२

चौदापैकी पाच फांद्या ठेवल्या. बाकीच्या काढताना वाईट वाटलं, पण एकाच उंचीवर चार फांद्या राहिल्या तर तिथे खोड सुजतं आणि आकार बिघडतो.

फांद्यांना वळण द्यायला तारा गुंडाळल्या. ॲल्युमिनियमची ३ मिमी तार जाड फांद्यांना, २ मिमी कोवळ्यांना. उजवीकडची पहिली फांदी, सगळ्यात जाड आणि मला सगळ्यात आवडलेली, वाकवताना बुडाशी फाटली. आवाज आला नाही, नुसती सैल झाली. जुनी झालेली फांदी ताठ असते आणि खोडाशी तिचा जोड कच्चा असतो. एका हाताच्या अंगठ्याने जोड दाबून ठेवायला हवा होता. बुडाशी हिरवा रंग जाऊन तपकिरी यायला लागतो, ती आठ-दहा दिवसांची वेळ तारेसाठी बरोबर. मी ती दवडली होती.

फाटलेला जोड सुतळीने आवळून बांधला. जगली तर ठीक.

(२८ फेब्रुवारी : नाही जगली. त्या बाजूला दुसरी फांदी वाढवायची, म्हणजे एक वर्ष मागे.)

१७ मे २०२२

पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. नवीन पानांवर जास्त. ही लोहाची कमतरता. मिश्रणात लोह कमी असेल असं नाही, पण दोन महिने मी बोअरचं पाणी घालतेय आणि ते जड आहे. बादलीच्या काठावर पांढरी खर दिसते. त्या क्षारांनी माती विम्ल (अल्कधर्मी) झाली की असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला २ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालून दिलं. पावसाचं पाणी धरायला गच्चीच्या पन्हाळीखाली २०० लिटरचा ड्रम ठेवणार.

डिसेंबर २०२२

मधल्या सात महिन्यांत लिहिण्यासारखं थोडंच. पावसाळाभर मोकळं वाढू दिलं, फांद्या चार-चार फूट गेल्या. खोड जाड व्हायचं तर फांदी लांब जाऊ द्यावी लागते. दिवाळीनंतर सगळ्या परत छाटल्या. नवी उजवी फांदी आता पेन्सिलीएवढी झाली. ड्रमच्या पाण्याने पानं हिरवीगार झाली.

२६ फेब्रुवारी २०२३

ट्रेमध्ये बसवली. जळगावहून खुर्ज्याचा चिनी मातीचा ट्रे आणला, गडद निळसर, ४६ बाय ३२ सेंमी, खोली ८ सेंमी. फुलं राणी रंगाची, तेव्हा ट्रे भडक नको होता.

मुळं धुतली नाहीत. खालचा एक तृतीयांश गोळा करवतीने आडवा कापला, कडेचा थोडा काट्याने मोकळा केला, मधला गाभा जसाच्या तसा ठेवला. ट्रेच्या भोकांतून तार घेऊन गोळा बांधून टाकला, कारण नवीन मुळं केसासारखी येतात आणि वाऱ्याने झाड जरा हललं तरी तुटतात. मातीत बुडालेलं मूळ बुडाशी तीन बाजूंना उघडं केलं. बोन्सायवाले याला नेबारी म्हणतात. चौथ्या बाजूला मूळच नाही, ती भिंतीची बाजू. ती मागे ठेवली.

२२ एप्रिल २०२३, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज फुलं असावीत अशी फार इच्छा होती. एकही नाही. झाड हिरवं, भरदार आणि काट्यांनी भरलेलं.

दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) देत होते, लिटरला २ ग्रॅम. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मला वाटत होतं, मी काळजी घेतेय.

माहेरी गेले तेव्हा दादाला फोटो दाखवला. त्याने एकच विचारलं, "नानांनी ताण दिल्याशिवाय बागेत कधी फूल घेतलं होतं का?" ताण म्हणजे फूल यावं म्हणून काही दिवस पाणी तोडणं.

परत आल्यावर भिंग घेऊन फांदी पाहिली. पानाच्या बेचक्यात जिथे काटा आहे, बरोबर तिथेच फुलाचा देठ येतो. दोन्ही एकाच डोळ्यातून निघतात. झाडाला पाणी भरपूर, नत्र भरपूर, वाढायचा जोर असला की तो डोळा काटा होतो. वाढ थांबली की तोच डोळा फुलाकडे वळतो. मागच्या वर्षीच्या एका जुन्या फांदीवर मला अर्धवट गोष्टही सापडली : काटाच, पण टोकाला वाळलेली बारीक दुबेळकी, जिथे फुलं यायची राहून गेली. हे मी वीस वर्षं फाटकाशी बघत होते आणि पाहिलं नव्हतं.

एक बाजूची गोष्ट. आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे त्या प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली पांढुरकी बारीक नळी. वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. बोगनव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ या काळात जगाची फेरी करून आला, त्याच्या मोहिमेतल्या वनस्पतितज्ज्ञाने ब्राझीलमध्ये ती गोळा केली आणि नाव कप्तानाचं दिलं. आपल्याकडे ती अशी रुळली की खान्देशातलं एक शाळेचं कुंपण तिच्यावाचून दिसत नाही.

१९ मे २०२३

पश्चिमेकडच्या फांद्यांची पानं करपून गळाली. पाणी होतं. तरी का, म्हणून दुपारी साडेतीनला ट्रेच्या पश्चिम कडेला मातीत थर्मामीटर खुपसला : ४६ अंश. पूर्वेच्या कडेला ३८. मुळं त्या बाजूने शिजली आहेत. स्लॅबचा ताव खालून, उन्हाची तिरीप बाजूने आणि ट्रे गडद रंगाचा.

शेडनेट बांधायचा विचार आला, पण झाडाला ऊन हवंच आहे, सोसत नाही ते ट्रेला. म्हणून झाड उन्हातच ठेवलं आणि सावली ट्रेला केली. चार विटांवर फळी, फळीवर ट्रे, ट्रेभोवती गोणपाटाची दुहेरी पट्टी. ती दुपारी बाराला आणि तीनला भिजवायची. चार दिवसांनी त्याच कडेला ३६ अंश.

सप्टेंबर २०२३

ऑगस्ट कोरडा गेला, सगळीकडेच. पोळ्याच्या सुमारास सरी आल्या आणि मागोमाग हिरव्या उंटअळ्या. पानांच्या कडा रात्रीत कुरतडून ठेवतात, दिवसा काडीसारख्या ताठ होऊन बसतात म्हणून सापडत नाहीत. बॅटरी घेऊन रात्री नऊला वेचल्या, तीन रात्रींत सव्वीस. निंबोळी अर्क दोनदा फवारला.

१२ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर २०२३

पहिला ताण. दिवाळीनंतर दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, ते बोगनवेलीला फुलासाठी मानवतं. म्हणून सुरुवात सोप्या ऋतूत केली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळी खतं बंद. १८ नोव्हेंबरपासून पाणी तोडलं.

लिंबाच्या बागेत हस्त बहारासाठी (पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्यासाठी) पावसाळा संपला की नाना पाणी बंद करायचे. मग रोज फेरी. दुपारी पान मुरडलेलं दिसलं तर ते मनावर घ्यायचे नाहीत. "दुपारी कोणीही कोमेजतं. सकाळी बघ." सूर्य वर यायच्या आधी पान मुरडलेलंच असलं तर तो ताण. पानगळ थोडी सुरू झाली की ताण पुरला म्हणायचे आणि पाणी सोडायचे, तेही एकदम भरून नाही : आधी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात, काही दिवसांनी त्याहून जास्त, ती चिंबवणी, मग नेहमीचं.

बागेच्या काळ्या जमिनीत ताणाला महिना-दीड महिना लागतो. माझ्या आठ सेंमीच्या ट्रेमध्ये हिवाळ्यातसुद्धा तो चौथ्या दिवशी येऊन उभा राहतो. म्हणून रीत तीच, माप वेगळं. सकाळी सातला पान लोंबलेलं असलं तरच पाव लिटर पाणी, ट्रेभर फिरवून. नाहीतर नाही. एरवी हे झाड तीन लिटर पितं.

सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालायला वर येतात. सातव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "झाडले कसाले उपाशी मारस वं माय?" मी त्यांना ताण समजावला. त्यांच्या माहेरीही लिंबं होती. ऐकून घेतलं आणि तांब्या तुळशीपाशीच रिकामा केला.

२६ नोव्हेंबरला रात्री अवकाळी आला. धावत वर गेले, ट्रेवर प्लॅस्टिकचा कागद टाकला, पण निम्मं भिजलं होतं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

११ डिसेंबरला शेंड्यांशी काट्याच्या जागी मोहरीएवढे तांबूस दाणे दिसले. हाच क्षण. यापुढे ताण लांबवला तर दाणे गळतात. आंबवणी अर्धा लिटर, दोन दिवसांनी दीड लिटर, मग नेहमीचं. २४ तारखेला उजव्या नव्या फांदीवर पहिला घोस उघडला. जी फाटली होती तिच्या जागची फांदी.

सगळ्या झाडावर मिळून नऊ घोस. कमीच. पण मला तारीख कळली : दाणे दिसल्यापासून तेरा दिवस.

३ मार्च २०२४

या वर्षी आखाजी १० मे. मागे मोजत आले. दाणे ते फूल, उन्हाळ्यात दहा-बारा दिवस धरले. त्याआधी ताण दहा दिवस. त्याआधी छाटणीनंतरचा नवा फुटवा पिकायला सहा आठवडे, कारण फूल नव्या फुटीवरच येतं. म्हणून आज छाटणी. प्रत्येक फांदी दोन डोळ्यांवर. झाड नुसता सांगाडा दिसतंय.

छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्यांपैकी पाच वाळूत खोचून ठेवल्या.

३१ मार्च २०२४

फुटवा बोटभर झाला. शेंडे खुडले, म्हणजे एकाच्या दोन फांद्या होतील आणि घोस दुप्पट. खत आतापर्यंत कमीच दिलं : ०:५२:३४ (नत्र नसलेलं) लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्यात एकदा. यापुढे बंद.

१६ एप्रिल २०२४

उन्हाळ्यातला ताण हिवाळ्यासारखा नाही. तिथे दिवस मोजत होते, इथे तास. सकाळी ताजं पान, दुपारी एकला लोंबलेलं, आणि तीनपर्यंत दुर्लक्ष केलं तर फांदीच वाळेल. त्यामुळे "सकाळी बघ" हा नियम जसाच्या तसा चालवता येत नाही. काल धाडस केलं आणि दोन कोवळे शेंडे गमावले.

आता असं करतेय : ट्रे दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज. पूर्ण भिजलेला असताना एकटीला उचलवत नाही. ताणात तो कडेने सहज वर येतो. पान हाताला मऊ, फडक्यासारखं लागलं पाहिजे, कुरकुरीत नाही. मऊ लागलं की पाव लिटर, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला. गोणपाट मात्र ओलंच. मुळांना तहान लागू द्यायची आहे, ताव नाही.

२७ एप्रिल २०२४

तांबूस दाणे. फक्त शेंड्यांशी नाही, फांदीच्या मधल्या बेचक्यांतही. उजव्या एकाच फांदीवर मोजले, एकवीस. आंबवणी आज संध्याकाळी. सासूबाई स्वतः तांब्या घेऊन आल्या. "आते देऊ ना?" हो म्हणाले.

९ मे २०२४

झाड पेटल्यासारखं राणी. पान दिसत नाही.

उद्या पहाटे न्यायचं. रंगीत पानं कागदासारखी असतात, गाडीच्या वाऱ्याने फाटतात. जुनं सुती लुगडं ओलं करून, पिळून, सैल गुंडाळलं. ट्रे वाळूने भरलेल्या टबात बसवला.

१० मे २०२४, आखाजी

साडेपाचला निघालो, साडेसातला पोचलो. एक घोस गळाला, बाकी शाबूत.

ओट्यावर दादाने घागर मांडली, वर डांगर (खरबूज), शेजारी सांजोरी आणि आंबे. नानांच्या नावाने निखाऱ्यावर आगारी (नैवेद्याचा घास) टाकली. ट्रे घागरीच्या डावीकडे ठेवला. आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. तिने लुगडं सोडलं आणि खोडाची मागची बाजू बघितली, मूळ नसलेली, भिंतीची. हात तिथेच ठेवला.

"हाई ते नानानी येल!"

दुपारी तिने गळालेली एकेक पाकळी वेचून ओंजळीत धरली आणि घागरीच्या पाण्यात टाकली. अंगणातल्या निंबावर पोरींचे झोके चालू होते. मी ट्रेवर गोणपाट भिजवत बसले, कारण ओट्यावर तीनला ऊन येतं.

२३ जून २०२४

फुलं संपली, हलकी छाटणी केली. पुढची दोन वर्षं ट्रे बदलायचा नाही. वरचा पोकळ काप कोरडा आहे, तरी पावसाच्या आधी बोर्डो पेस्ट पुन्हा लावली.

मार्चमधल्या पाच काड्यांपैकी दोन फुटल्या. एक दादा घेऊन गेला. नव्या फाटकाच्या उजवीकडे दीड फुटाचा खड्डा करून, त्यात वाळू आणि शेणखत घालून लावली. पहिले पंधरा दिवस रोज पाणी घाल, असं त्याला सांगितलं आहे.